पालथ्या दुपारी

डॉक्टरीणबाईंनी अक्काच्या डोळ्यात हवा भरली आणि खाली बघत राहा म्हणून सांगितलं.

हवा म्हणजे साधी हवा नव्हे, कसलासा वायू. डोळ्याच्या आतला पडदा भिंतीवरच्या ओल्या कागदासारखा सुटत आला होता. तो त्यांनी जागेवर बसवला होता आणि नीट धरेपर्यंत त्याला आतून टेकू म्हणून हा बुडबुडा ठेवला होता. बुडबुडा नेहमी वर जाणार आणि पडदा डोळ्याच्या मागच्या अंगाला. तेव्हा तोंड जमिनीकडे करून राहायचं, बसताना, जेवताना आणि झोपेतसुद्धा. अक्काचा दुसरा डोळा लहानपणापासून नावापुरताच होता. जे काही बघायचं ते तिनं या एकाच डोळ्यानं बघितलं होतं, आणि पोटही त्याच्यावरच भरलं होतं. ती रफूचं काम करायची. कसरीनं खाल्लेल्या शाली, निखारा पडून जळलेले कोट, खिळ्याला अडकून टरकलेले पडदे तिच्याकडे यायचे, आणि परत नेताना भोक कुठं होतं ते गिऱ्हाइकालाही सापडायचं नाही.

हॉस्पिटलातून तिला तिचा भाऊ आपल्या घरी घेऊन गेला. अक्कानं बरेच आढेवेढे घेतले. भाऊ पन्नाशी उलटलेला, इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा चांगला थोराड माणूस होता, पण तिच्या लेखी तो अजून छोट्याच होता. आई लवकर गेली तेव्हा त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं अक्कानंच केलं होतं. आता त्याच्या हातचं आयतं खायचं म्हणजे तिला अवघडल्यासारखं होत होतं. छोट्या मात्र बधला नाही. तो वाद घालायचा नाही, नुसता पिशवी उचलून चालायला लागायचा. त्याचा हट्ट असा मुका असायचा.

त्यानं तिच्यासाठी खिडकीजवळ एक शेजच तयार करून ठेवली होती. दोन बाकं जरा फट ठेवून मांडली होती, वर जाड गादी घातली होती, आणि गादीला कापून चेहऱ्यापुरतं भोक पाडलं होतं. काठाला फडकं गुंडाळलं होतं, म्हणजे गालाला टोचायला नको. अक्का त्यावर पालथी झोपली आणि तिचा चेहरा त्या भोकातून खाली आला, तेव्हा तिच्या मनात आलं की असं घर आपण कधी बघितलेलं नाही. एरवी माणूस घर बघतं ते भिंतींचं आणि छपराचं. हिच्या वाट्याला आली ती फक्त जमीन.

आणि ती तरी कुठं धड दिसत होती. डोळ्यात बुडबुडा असल्यामुळं सगळं धुरकट, हलतं आणि ओलं दिसायचं. छोट्या चालत आला की त्याचे पाय पाण्यातून यावेत तसे लांबडे होत यायचे. खिडकीतलं ऊन फरशीवर पडून सरकत राहायचं. अक्काला डुलकी लागायची, जाग यायची, आणि दोन्हींत फारसा फरक राहायचा नाही. एकदा तिला वाटलं, आपण एका तळ्यावर तरंगतोय आणि तळाशी कुणीतरी दिवा लावून ठेवलाय. मग कळलं की दुपार झाली आहे.

घरात आणखी कुणीतरी आजारी आहे, हे तिला आवाजांवरून समजलं. छोट्या कामावरून आला की आधी तिच्याजवळ यायचा, मग पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन खुर्ची ओढायचा आणि बराच वेळ तिथंच बसून राहायचा. मध्येच सुस्कारा टाकायचा. असल्या सुस्काऱ्याचा अर्थ अक्काला त्याच्या लहानपणापासून ठाऊक होता. एका संध्याकाळी तो म्हणाला की, मासेवाल्याला एक फोन करतो, तेव्हा तिनं गादीच्या भोकातूनच सांगितलं की माझ्यासाठी मासे आणू नकोस, मला वास सहन होणार नाही.

त्यावर छोट्या हसला. त्याचा मासा खायचा नव्हता. कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीत त्यानं एक फायटर पाळला होता. बेट्टा म्हणतात तो, बोटाएवढा, निळा, मागं झुलीसारखी शेपटी. नाव साहेब. कारण कुणी टाकीसमोर आलं की तो कल्ले फुगवून असा काही अंगावर यायचा, की समोरच्यानं उशिरा आल्याबद्दल माफी मागावी. ते साहेब आठवडाभर जेवत नव्हते. पोट फुगलं होतं, आणि त्या दिवशी सकाळपासून अंगावरचे खवले उभे राहिले होते, भिजलेल्या पाखराची पिसं राहतात तसे.

दुकानदारानं फोनवर आडपडदा ठेवला नाही. तो म्हणाला की खवले उभे राहिले म्हणजे आत पाणी साठलंय, आतलं काहीतरी काम करेनासं झालंय. यातून फार थोडे वाचतात. प्रयत्न करायचाच असेल तर मोठ्या टाकीतून काढा, उथळ भांड्यात ठेवा, पाणी कोमट राखा आणि रोज बदला. केमिस्टकडून एप्सम सॉल्ट आणून मोजून घाला, ते अंगातलं पाणी ओढून घेतं. स्वयंपाकातलं मीठ नको. आणि एक औषधाची पूड देतो, ती न्या. एवढं करूनही गेला तर मनाला लावून घेऊ नका.

छोट्यानं सगळं आणलं. ओव्हनमध्ये ठेवायचं असतं तसलं पसरट काचेचं भांडं घेतलं, ते गरम पाण्याच्या टबात बसवलं, म्हणजे आतलं पाणी निवायला नको. साहेबांना जाळीनं न पकडता पेल्यातून अलगद त्यात सोडलं. रात्रभर निभावलं. सकाळी प्रश्न उभा राहिला तो असा, की दिवसभर लक्ष कोण ठेवणार. एका मोठ्या इमारतीच्या दोन्ही लिफ्ट बंद पडल्या होत्या आणि त्याला जाणं भाग होतं.

अक्का पालथी पडून त्याची घालमेल ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "इथं ठेव माझ्या तोंडाखाली. नाहीतरी मी तुझी फरशीच बघतेय."

त्यानं एका बुटक्या स्टुलावर टब ठेवला, त्यात ते भांडं ठेवलं, आणि स्टूल गादीच्या भोकाखाली सरकवलं. औषधाचं पाणी उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून भांड्यावर खिडकीच्या तावदानाची काच आडवी ठेवली, कडेला फट राखून. मग खाली पुस्तकं घालून स्टूल उंच करत करत आणलं, अक्काच्या नाकाला काच जवळजवळ टेकेपर्यंत.

आणि तेव्हा एक गंमत झाली. इतके दिवस जगातली कुठलीही वस्तू जिला धड दिसत नव्हती, तिला तो मासा स्वच्छ दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या खऱ्या, की बुडबुडा असेपर्यंत अगदी डोळ्याला चिकटलेली वस्तू तेवढी स्पष्ट दिसेल. अक्कानं ते कानाआड केलं होतं. आता पाण्याच्या कातडीखाली दोन बोटांच्या अंतरावर साहेब होते. एकेक खवला सुटा दिसत होता, आणि प्रत्येकाच्या कडेला ऊन लागलं होतं. निळा म्हणावा तर त्यात हिरवा होता, हिरव्याच्या पोटात जांभळा. धाग्यांच्या रंगांत आयुष्य गेलेल्या अक्काला हा रंग कुठल्याही रिळावर आठवेना. शेपटी मात्र मलूल होऊन खाली पडली होती, अंगावरून सरकलेल्या दुलईसारखी. पोट गोल झालं होतं आणि श्वास लागला होता.

थोड्या वेळानं तो कष्टानं वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून त्यानं हवेचा एक घोट घेतला आणि पुन्हा खाली गेला. हे मासे तसेच असतात, वरची हवा प्यायल्याशिवाय त्यांना भागत नाही, हे छोट्यानं तिला सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि नाकाखाली बघणं वेगळं.

तेव्हापासून अक्काचे दिवस साहेबांच्या श्वासावर चालू लागले. तो वर आला की तिला बरं वाटायचं, खाली गेला की ती वाट बघायची. टबातलं पाणी निवलं असं बोटाला कळलं की शेजारच्या थर्मासातून ती चाचपडत गरम पाणी ओतायची. सकाळ-संध्याकाळ छोट्या नळीनं जुनं पाणी ओढून काढायचा आणि तितकंच कोमट, मीठ-औषध घातलेलं पाणी अलगद सोडायचा. मग अक्काच्या डोळ्यात थेंब घालायचा. एकदा घाईत त्यानं विचारलं की साहेबांचं औषध झालं का तुझं झालं, तेव्हा अक्का म्हणाली की मला कुठलंही चालेल, फक्त खवले आले तर सांग.

दुपारी घरात कुणी नसलं की ती त्याच्याशी बोलायची. पहिल्यांदा हळू, मग मोकळेपणी. आपल्या शिवायच्या खोलीबद्दल, तिथल्या उत्तरेच्या खिडकीबद्दल, एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाबद्दल, जो मेलेल्या बायकोची शाल दर वर्षी मुद्दाम कुठंतरी फाडून आणायचा. साहेब ऐकून घ्यायचे. बोलता बोलता तिचा डोळा लागायचा आणि मग पाणी खोलीभर व्हायचं. खुर्च्या, कपाट, दारामागचा छोट्याचा कोट, सगळं संथपणे डुलायला लागायचं, आणि तो निळा मासा भांड्यातून निघून माणसाएवढा मोठा होऊन तिच्या कुशीजवळून जायचा. त्याची शेपटी तिच्या हातावरून सरकायची. त्यात तिला भीती वाटायची नाही. जाग आली की काचेखाली तो बोटाएवढाच असायचा, आणि श्वास घ्यायला वर येत असायचा.

संध्याकाळी छोट्या आला की कपडेही न बदलता फरशीवर बसकण मारायचा आणि भांड्याच्या पलीकडून, बाकाखाली डोकं घालून साहेबांना बघायचा. एकदा तो फार जवळ आला आणि अक्काला काचेच्या कडेला त्याचा चेहरा दिसला. कपाळावरची लहानपणीची खोक, भुवईतले पांढरे केस, डोळ्यांखालच्या वळ्या. इतक्या जवळून त्याला बघून किती वर्षं झाली, हे तिला आठवेना. तो शेवटचा असा दिसला होता तेव्हा त्याला गोवर आला होता आणि ती त्याच्या अंगावरची लाली बघत होती.

"का रे पाळलास हा?" तिनं विचारलं.

छोट्यानं काचेवर जमलेली वाफ बोटानं पुसली. त्याच्या बायकोची बदली दुसऱ्या गावी झाली होती, ती गेली, आणि भांडण नाही तंटा नाही, पण तिचं येणं हळूहळू कमी होत गेलं. अक्काला एवढं माहीत होतं. तो त्याबद्दल कधी बोलला नव्हता आणि तिनंही खपली काढली नव्हती.

"घरात काहीच हलायचं नाही," तो म्हणाला. "मी ठेवलेला पेला मीच उचलेपर्यंत तिथंच. मग हा आणला. मधून मधून वर येऊन श्वास घेतो ना, तेवढं बघत बसायचं."

"तिला परत ये म्हणालास कधी?"

"नाही."

"का?"

"ती नाही म्हणाली असती तर?"

अक्काला यावर बरंच बोलता आलं असतं. थोरल्या बहिणीच्या पोटात अशा वेळी शब्द नुसते उकळत असतात. पण दोघांच्या मध्ये तो मासा होता, आणि त्या क्षणी तो वर यायला निघाला होता. दोघंही तिकडं बघत राहिले. त्यानं हवा घेतली. मग अक्का आपलं म्हणाली, की मलाही एक विचारायचं धाडस होत नाहीये. बुडबुडा गेल्यावर मला सुई ओवता येईल का, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारलंच नाही.

छोट्यानं काचेवरून हात नेऊन तिच्या कपाळावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब वर आले नाहीत.

अक्का वाट बघत होती. तो तळाला एका कुशीवर पडला होता. कल्ले भराभर हलत होते. मध्येच त्यानं अंगाला झटका देऊन उठायचा प्रयत्न केला, अर्ध्यापर्यंत आला आणि फुगलेल्या पोटाच्या ओझ्यानं कलंडून पुन्हा खाली गेला. असं एकदा झालं, मग पुन्हा झालं, आणि त्यानंतर त्यानं प्रयत्नच सोडला.

छोट्याला फोन लावावा तर तो कुठल्यातरी इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात असणार. अक्कानं काच बाजूला सरकवली. पेल्यानं भांड्यातलं पाणी काढून टबात टाकू लागली, घाई न करता, भोवरा होऊ न देता. मासा जेमतेम बुडेल एवढंच पाणी ठेवलं. तरीही तो उठेना. मग तिनं टबाच्या कोमट पाण्यात हात बुडवून घेतला, तो भांड्यात सोडला आणि तळव्यावर त्याला सरकू दिलं. विरलेल्या रेशमाखाली हात घालायची तिला सवय होती. उचलायचं नाही, ओढायचं नाही, कापडाला आपल्या हातावर यायला वेळ द्यायचा. तसाच तो आला. तिनं तळवा पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणला. साहेबांचं तोंड बाहेर निघालं. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांनी हवा घेतली.

अक्का तशीच राहिली. हात खाली लोंबता, चेहरा भोकात, तळव्यावर एक नखभर वजन. ऊन फरशीवरून सरकत गेलं. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, मग तेही थांबलं. हाताला मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या आणि हात कुणा दुसऱ्याचा असावा तसा झाला. तिला झोप येत होती आणि झोपायचं नव्हतं. अर्धवट गुंगीत तिला वाटलं, तिच्या डोळ्यातला बुडबुडा आणि त्यानं गिळलेला बुडबुडा एकाच हवेचे आहेत, आणि आपण दोघं मिळून ती पुरवून वापरतोय. मासा तळव्यावर हलला. तिनं बोटं किंचित वर केली. त्यानं श्वास घेतला.

छोट्या आला तेव्हा त्याला ती तशीच सापडली. त्यानं आपला हात तिच्या हाताखाली घातला आणि मासा आपल्याकडे घेतला.

"एक मऊ जाळी आण," अक्का म्हणाली. "पडद्याची चालेल. आणि माझ्या पिशवीतली सुई."

त्यानं डोळ्याचं कारण काढून नाही म्हणायला सुरुवात केली, पण साहेब त्याच्या तळहातावर होते आणि त्याला हात काढता येत नव्हता. शेवटी साहेबांना अक्काच्या तळव्यावर परत देऊन त्यानं सगळं आणलं, तिनं सांगितल्यावर सुईही ओवून दिली, आणि मग मासा पुन्हा आपल्या हातावर घेतला. अक्कानं बोटांनीच जाळी दुमडली, बोटांनीच काठ जुळवले. पुढचे टाके तिनं भोकाखाली, चेहऱ्यापासून जमेल तितक्या लांब धरून, स्पर्शानं घातले. शेवटी मात्र सुई काढून ठेवली आणि जाळी डोळ्याजवळ आणून बघितली. टाके दिसत होते. सरळ होते. एकसारखे होते. गरजेपेक्षा जास्त वेळ ती ते बघत राहिली.

त्या जाळीची झोळी भांड्याच्या दोन काठांना बांधून पाण्यात सोडली, आणि साहेब तीत निजले, तोंड पाण्याच्या रेषेला लागून. आता श्वासासाठी त्यांना फक्त तोंड उचलायचं होतं.

पुढं जे झालं त्याचं श्रेय कशाला द्यायचं, हे दुकानदारालाही सांगता आलं नाही. मिठानं पाणी ओढलं असेल, औषध लागू पडलं असेल, झोळीत त्याची दमछाक वाचली असेल. दोन-तीन दिवस तो नुसता पडून होता. मग एका सकाळी पाण्यात तळाशी साहेबांची घाण दिसली आणि छोट्यानं ती बातमी नातू झाल्यासारखी सांगितली. पोट उतरायला लागलं. खवले एकेक करून बसत गेले, आधी डोक्याजवळचे, मग पाठीवरचे. डाव्या कुशीवरचे काही शेवटपर्यंत नीट बसले नाहीत आणि तिथला रंगही विटका राहिला. एका दुपारी तो झोळीतून आपणहून खाली उतरला आणि भांड्याच्या कडेकडेनं फिरून आला. त्या संध्याकाळी छोट्यानं चिमट्यानं धरलेला खाण्याचा कण त्यानं ओढून घेतला.

अक्काचा बुडबुडाही लहान होत होता. डॉक्टरीणबाईंनी मान वर करायची परवानगी दिली, आणि ती पहिल्यांदा त्या घरात मान वर करून उभी राहिली. खोली तिला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. भिंती पिवळट होत्या, ते तिनं धरलंच नव्हतं. साहेब तोवर टाकीत परतले होते. उभ्यानं, दुरून बघताना तो केवढासा दिसत होता, निळी चिंधीच जणू. तिला थोडं चुकल्यासारखं झालं. मग ती टाकीसमोर वाकली, नाक काचेला लावलं, आणि तो ओळखीचा झाला.

सुई तिला पुन्हा ओवता आली, पण पूर्वीसारखी नाही. सरळ रेषांना जरा बाक दिसायचा. बारीक रेशमाचं काम तिनं सोडून दिलं. जाड लोकर, गालिचे, पडदे यांत तेवढा बाक कुणाला कळत नाही. साहेब त्यानंतर पुढच्या थंडीपर्यंत जगले आणि एका सकाळी टाकीतल्या पानावर निजल्यासारखे गेले. फुगले नव्हते, तळमळलेही नव्हते. छोट्यानं फोन करून सांगितलं तेव्हा अक्का म्हणाली की चांगलं वय झालं होतं त्यांचं.

पण ते पुढचं. अक्का आपल्या घरी निघाली त्या दिवशी मासा ठणठणीत होता. छोट्यानं तिची पिशवी दारात आणून ठेवली होती, चहा केला होता, आणि आपला पेला हातात घेऊन तो उगाच इकडून तिकडं करत होता. मग तो म्हणाला, एक फोन करून येतो. गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं.

अक्काला शब्द ऐकू येत नव्हते. काचेतून त्याची पाठ दिसत होती, आणि इतके दिवस फक्त त्याचे पायच बघितल्यामुळं तिला ती पाठ नवी वाटत होती. तो बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. एकदा त्यानं मोकळा हात उंचावून आडवा धरला, माशाची लांबी दाखवावी तसा, जणू दुसऱ्या गावी असलेल्या बाईला ती दिसणार होती. बस चुकणार होती. अक्कानं त्याच्या चहावर बशी झाकली, पिशवी दारातून आत घेतली आणि खुर्चीत बसली.